टनावर मोजू नका: पुण्याच्या १६५ नगरसेवकांना खुलं पत्र

प्रति,
पुणे महानगरपालिकेच्या सभागृहात निवडून आलेले सर्व १६५ सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या आईने पुण्याच्या रस्त्यांवर पस्तीस वर्षं कागद, काच, पत्रा वेचला. माझी फी, वह्या-पुस्तकं, बी.एड.चा खर्च, सगळं त्या पोत्यातून आलं. त्यामुळे कचरा कुणी उचलायचा हा विषय तुमच्या विषयपत्रिकेवर येतो, तेव्हा तो माझ्या घरचा विषय असतो.

मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. तिथपासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळपास चार वर्षं, शहराचे निर्णय प्रशासकांनी घेतले. या काळात काही विचारायचं तर जायचं कुणाकडे, हेच कळत नव्हतं. आता तुम्ही आहात. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे, आणि तुमच्या मतदारांनाही वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

निमित्त आमच्या सोसायटीच्या सभेचं. मागच्या महिन्यात एका खासगी कंपनीची दोन मुलं आली. पडद्यावर चित्रं दाखवली, स्वच्छ हिरव्या गाड्या, गणवेशातली माणसं. म्हणाली, "तुम्हाला एक रुपया द्यावा लागणार नाही. रोज गाडी येईल, कचरा जाईल. फक्त सुका कचरा आमचा." सभेला ते पसंत पडलं. फुकट कुणाला नको असतं? कुणीतरी विचारलं, मग आपल्या मावशींचं काय? "बघू, लागल्या तर घेऊ कामाला," असं उत्तर आलं. हात वर झाले. विरोधात आम्ही तिघं होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेहमीप्रमाणे आल्या. त्यांच्या कानावर आदल्या रात्रीच गेलं होतं. मला म्हणाल्या, "मॅडम, मग मी कधीपासून येऊ नको?"

अकरा वर्षं त्या आमच्या दोन इमारतींचा कचरा घेतात. सगळ्या मजल्यांवरून डबे उतरवले की जिन्याखालच्या जागेत बसतात. ओलं बादलीत. दुधाच्या पिशव्या एकीत एक घालून गड्डी करतात. पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा पायाखाली दुमडून सुतळीने बांधलेला. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं काढून निराळ्या पिशवीत, कारण त्यांचा भाव निराळा. मग उरतं ते कुणालाच नको असलेलं. वापरलेली पॅड, डायपर, फुटलेल्या काचा. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, एवढीच या बायकांची किती वर्षांची विनवणी आहे. आमच्याकडच्या शंभरेक घरांतून असा ठिपका काढणारी घरं मी बोटांवर मोजू शकते. मावशींच्या उजव्या तळहातावर काचेने कापल्याची आडवी खूण आहे. ती आमच्याच कुणाच्या तरी घरातल्या काचेची आहे.

या कामाचा पगार त्यांना महापालिका देत नाही, हे सभेतल्या कितीतरी लोकांना माहीतच नव्हतं. घराघरातून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि वेचलेला सुका माल विकून येणारे पैसे, एवढीच त्यांची कमाई. तेव्हा "फक्त सुका कचरा आमचा" या वाक्याचा अर्थ काय होतो? त्यांची अर्धी चूल कंपनीची.

आता थोडं मागचं सांगते. तुमच्यातले बरेच जण वयाने लहान आहेत, तुमच्यापर्यंत हे पोचलं नसेल.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी सोलापूरकडून लेकरांना घेऊन पुण्यात आली. गावात महारवाड्यात राहणाऱ्या बाईला शहरात मिळून मिळून काय काम मिळणार? कचराकुंडी मात्र कुणाच्या परवानगीची वाट बघत नव्हती. आई तेरा-चौदाची असल्यापासून तिच्यासोबत जायला लागली. पहाटे पोतं घेऊन निघालेल्या बाईला पोलिसांनी चोर म्हणून हटकणं, कुत्र्यांनी मागे लागणं, बंगल्यातून "ए, तिकडे हो" असं ओरडणं, हे रोजचं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला कोरेगाव पार्कात एका उद्योजकाने गाडी लावून बंगल्याबंगल्यातून कचरा घ्यायला सुरुवात केली आणि तिथल्या वेचक बायांना कुंडीत मिळणारा माल एकाएकी बंद झाला. त्या बाया गाडीला बिलगून उभ्या राहिल्या, कचरा जाऊ देईनात. आईचा पट्टा पर्वतीकडचा, ती त्यात नव्हती, पण ही गोष्ट ती अशी सांगायची की वाटावं तिनेच गाडी धरली होती. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी त्या वेचक बायांपर्यंत पोचल्या होत्या. डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे दोन-तीन वर्षांत महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र आईच्या हातात आलं. ते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी रुमालात बांधून कमरेला खोचायची. पोलीस आडवा आला की आधी रुमाल सुटायचा.

लक्षात घ्या, गाडी आणि बाई हा झगडा तेव्हाचा आहे. तीस वर्षं उलटून गेली, आणि आमच्या जिन्याखाली तो पुन्हा येऊन बसला आहे.

२००८ साली महापालिकेने कचरावेचकांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला. कुंडीत हात घालणाऱ्या बाया दारात येऊन कचरा घ्यायला लागल्या. आज साडेतीन हजारांहून अधिक कष्टकरी या कामात आहेत. ही पुण्याची खरी कमाई आहे. बाहेरच्या शहरांतली माणसं हे बघायला येतात, ते उगीच नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास भंगाराचे भाव कोसळले. आई पुठ्ठ्याचं ओझं दुकानात टाकून हातात चिल्लर घेऊन आली. मी नुकतीच नोकरीला लागले होते. मला म्हणाली, "अमेरिकेत मंदी आली म्हणतोय त्यो. अमेरिकेत मंदी आली तर माझ्या पुठ्ठ्याचा भाव कशापायी पडला गं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज सांगता येतं. तिचा पुठ्ठा कागद गिरणीत जायचा, गिरणीच्या खोक्यांत माल भरून तो देशोदेशी जायचा. तिकडची मागणी आटली की साखळीच्या सगळ्यात खालच्या कडीला आधी झटका. वरच्यांकडे गोदाम असतं, बँक असते. माल धरून ठेवता येतो. तिच्याकडे संध्याकाळचं पीठ आणायचं होतं. जागतिक बाजार तिच्या घरात आला तो असा, वजनकाट्यावरून. भाव वर असले की नफा वरच्या वर वाटला जायचा आणि खाली आले की तोटा मात्र तिच्यापर्यंत पोचायचा. १९९१ पासून खासगीकरणाची जी भलामण ऐकतो आहोत, तिच्यात या कडीचा हिशेब कुठे होता?

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, टनाची. कचरा वाहणाऱ्या आणि त्यावर प्रक्रिया करणाऱ्या ठेकेदाराला पैसे सहसा वजनावर मिळतात. गाडी काट्यावर चढते, जितके टन तितकं बिल. ओला कचरा जड, पाणी मिसळलेला आणखी जड, राडारोडा सगळ्यात जड. ज्याचं बिल टनावर निघतं, त्याला कचरा कमी झालेला कसा परवडेल? वेगळा करायला तो माणसं कशाला लावेल? उलट मावशींनी काढून घेतलेला प्रत्येक किलो काट्यावर चढतच नाही. त्याला डिझेल लागत नाही, डेपोत जागा लागत नाही, प्रक्रियेचे पैसे लागत नाहीत. म्हणजे त्या रोज महापालिकेचा खर्च वाचवतात. ठेकेदाराने वाहिलेल्या टनाला अंदाजपत्रकात ओळ असते. मावशींनी वाचवलेल्या टनाला नसते. घराघरातला कचरा कंपनीच्या हाती द्या आणि ही बचत खर्चात बदलेल. नंतर तोच खर्च दाखवून कचरा कर वाढवायचा प्रस्ताव तुमच्यासमोरच येईल.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. इजिप्तमध्ये, कैरोत, झब्बालीन नावाचा समाज पिढ्यानपिढ्या घरोघरचा कचरा घेतो. मोकत्तमच्या डोंगराखाली त्यांची वस्ती आहे. गोळा केलेल्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास माल ते पुन्हा वापरात आणत. २००३ साली सरकारने स्पेन आणि इटलीच्या कंपन्यांना पंधरा वर्षांचे ठेके दिले. त्या कंपन्यांवर बंधन किती, तर वीस टक्के पुनर्वापराचं. बाकीचा खुशाल पुरा. दारात येणारा माणूस गेला, लोकांना कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जावं लागू लागलं, आणि शुल्क वीजबिलात चढलं. लोक चिडले, रस्त्यांवर कचरा दिसायला लागला आणि शेवटी सरकारला पुन्हा झब्बालीनांकडेच वळावं लागलं. कोलंबियाच्या बोगोता शहरात उलट झालं. तिथल्या वेचकांनी कोर्टाची पायरी चढली. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये शहराची मोठी निविदा थांबवली आणि २०१३ पासून वेचकांनी वेचून पुनर्वापराला पाठवलेल्या वजनाचे पैसे त्यांना शहराकडून मिळायला लागले. टन मोजायचाच तर तो असा मोजा.

दुसरी तक्रार लांब जायला नको, उरुळी देवाची आणि फुरसुंगीची, म्हणजे पुण्याच्या कचरा डेपोची आहे. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं न बघता फेकलेलं तिथे साठलं. विहिरींचं पाणी नासलं, पोरींची स्थळं मोडली. एप्रिल २०१७ मध्ये डेपो पेटला आणि ग्रामस्थांनी तीन आठवडे गाड्या अडवून धरल्या. तेव्हा शहराला आठवलं की कचरा कुठेतरी जातो. तिथे कंपन्यांचे प्रकल्पही आले होते, मोठमोठ्या क्षमतेचे आकडे घेऊन. प्रकल्प बंद पडला की कंपनी निघून जाते. डोंगर महापालिकेच्या आणि गावकऱ्यांच्या गळ्यात राहतो.

तिसरी, मुदतीची. २०२० च्या अखेरीस 'स्वच्छ'चा करार संपला. त्या वर्षी करोनाच्या टाळेबंदीत आपण दारं लावून आत बसलो होतो आणि या बाया आपल्या दारातून आपली टिश्यू आणि मास्क उचलत होत्या. तरी पुढे कितीतरी काळ तुकड्यातुकड्याची मुदतवाढ मिळत राहिली, आणि सोबत ठेकेदार आणायची चर्चा. नागरिकांनी पत्रं लिहिली, बाया महापालिकेच्या दारात बसल्या. महिन्याभरानंतर काम असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने मुलाला कॉलेजात कसं घालावं? सल्लागार नेमताना, पूल बांधताना तुम्ही असं महिन्यामहिन्याचं बोलता का?

आणि हे एकट्या कचऱ्याचं नाही. पीएमपीच्या बसचं बघा. गाड्या ठेकेदाराच्या, चालक ठेकेदाराचा, पैसे किलोमीटरवर. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी शेकडो बस उभ्या केल्या आणि थांब्यांवर माणसं ताटकळली. थांब्यावरच्या बाईने भांडायचं कुणाशी? जून २०२५ पासून पाच रुपयांचं तिकीट दहाचं झालं. पाण्याच्या योजनेसाठी महापालिकेने २०१७ साली शेअर बाजारात २०० कोटींचे रोखे काढले, त्याचा केवढा गाजावाजा झाला. पण त्यांचं व्याज शेवटी पुणेकरांच्या खिशातूनच जातं. ज्या पुण्यात १८६८ साली जोतीरावांनी आपल्या वाड्यातला हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याच पुण्याच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांतली माणसं आज खासगी टँकरच्या दराने पाणी विकत घेतात. सेवा ठेकेदाराकडे गेली की पहिली गोष्ट हरवते ती विचारायची जागा. कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या भागातल्या सफाई कार्यालयात जा, ते म्हणतात ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ऑफिसला विचारा.

मला ठाऊक आहे, तुमच्याकडे कचऱ्याच्या तक्रारी येतात. बाई दोन दिवस आली नाही, सणाला जास्त पैसे मागितले, कचरा चौकात टाकला. यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत, मी लपवणार नाही. पण मुळाशी जाऊन बघा. आजारी पडलेल्या बाईच्या जागी बदली कुणी नाही. ढकलगाडीचं चाक मोडलं तर नवीन कधी येईल याचा पत्ता नाही. फीडर पॉइंटवर, म्हणजे गोळा केलेला कचरा गाडीत भरायच्या ठिकाणी, महापालिकेची गाडी दोन तास उशिरा आली की बाई भरलेल्या बादल्या घेऊन उन्हात उभी, आणि तक्रार तिच्या नावावर. कामात सुधारणा हवीच. त्यासाठी तिच्या हाताखालचं साधन सुधारा, तिलाच काढून टाकू नका.

सरकारं मागे हटतात, हे आम्ही पाहिलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी खासगीकरणाविरुद्ध संपावर गेले आणि सरकारला त्याच दिवशी चर्चेला बसावं लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. या पुण्यात अभ्यासिकांतून बाहेर पडून पोरं-पोरी रस्त्यावर आल्या, माझे माजी विद्यार्थी त्यात होते, आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली. तेव्हा धोरण आहे, वरून आलं आहे, आमच्या हातात काही नाही, असं कृपा करून सांगू नका.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम कोणत्याही कंपनीला किंवा ठेकेदाराला देऊ नका. ते कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडेच ठेवा, निदान पाच वर्षांच्या कराराने. आणि नवा करार जुना संपायच्या आधी करा. सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क तो वेचणाऱ्याचा, हे करारात शब्दांत लिहा. सोसायट्यांना परस्पर सेवा विकणाऱ्या खासगी कंपन्यांनाही तीच अट लावा. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत देशाने लिहून ठेवलं. पुण्याने ते त्याच्या आधीच करून दाखवलं होतं. आता आपणच मागे जायचं का?

वेचून वाचवलेल्या वजनाचे पैसे या कष्टकऱ्यांना द्या. गरीब वस्त्यांतलं शुल्क महापालिकेने भरावं, म्हणजे तिथली बाई आणि कचरा घेणारी बाई यांच्यात दहा-वीस रुपयांवरून भांडण लागणार नाही. हातमोजे, बूट, ढकलगाड्या वर्षाच्या सुरुवातीला द्या. प्रत्येक प्रभागात कचरा वेगळा करायला छप्पर असलेली जागा हवी, तिथे नळ आणि संडास हवा. २०१७ आणि २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतही हीच पद्धत न्या. झाडणकाम आणि गाड्यांवर जे कंत्राटी कामगार आहेत, त्यांना पूर्ण किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही, याची तपासणी तुमच्या सभागृहाने करावी आणि ती लोकांसमोर मांडावी.

आणि कचरा, पाणी, बस, दवाखाने यांपैकी कशाचाही ठेका मंजूर करायच्या आधी त्याचा मसुदा मराठीत, पूर्ण, महिनाभर आधी प्रसिद्ध करा. प्रभागात सुनावणी घ्या. ज्यांच्या घरासमोरून ती गाडी जाणार आणि ज्यांच्या हातातलं काम ती नेणार, दोघांनाही बोलू द्या. मग मत द्या, नावानिशी.

आमच्या सोसायटीचा निर्णय पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होणार आहे. विशेष सभा बोलवावी म्हणून मी सह्या गोळा करते आहे. तिघांचे एकोणीस झालो आहोत. तुमच्या सभागृहात कचऱ्याच्या ठेक्याचा विषय येईल त्या दिवशी मी रजा टाकून प्रेक्षक कक्षात येऊन बसेन. मावशींनाही विचारलं. म्हणाल्या, सकाळची घरं उरकली की अकरापर्यंत पोचते, पण मला आत सोडतील ना? तेवढं जरा दारावर सांगून ठेवा.

आपली,
पर्वती पायथ्याच्या एका कचरावेचक बाईची मुलगी
पुणे